खुर्चीवरचं झाकण

आमच्या चहाघराच्या खांबावर पाटी होती : ‘देशाच्या गोष्टी बोलू नयेत.’ लुओ मास्तर नेमके तिच्याखाली बसायचे आणि दुसरं काही बोलायचेच नाहीत. शाळेत इतिहास शिकवून आले की बांबूच्या खुर्चीत बूड टेकायच्या आत तोंड सुरू. समोर शन पोयू, गल्लीतल्या चार पानी वर्तमानपत्राचे संपादक. दोघे एका गावचे, एका वर्गातले, आणि जन्मात कधी पटलं नाही. पण एक आला नाही तर दुसऱ्याच्या घशाखाली चहा उतरत नसे.

मास्तरांचं म्हणणं, जुनं सगळं जाळल्याशिवाय चीन उभा राहणार नाही.

“जाळ की,” शन म्हणायचे. “आधी घरातली वाडवडिलांच्या नावाची पूजेची पाटी जाळ. तिच्यापुढे उदबत्ती कोण लावतं?”

“बायको लावते.”

“आणि काडी कोण ओढून देतं?”

मला हसू फुटायचं. मास्तर माझ्यावर उखडायचे. “यू वहिनी, तुम्ही किटली सांभाळा!”

खरं सांगायचं तर मला दोघांचाही राग यायचा. तिकडे सरकारची माणसं खेड्यातली पोरं दोरीला बांधून लढाईवर नेत होती आणि हे इथे भोपळ्याच्या बिया सोलत देशाला वाट दाखवत होते. पुढे त्या दोरीबद्दल छापलं ते मात्र शन यांनी. जुन्याची तरफदारी करणारा माणूस, पण छापलं. मास्तर दोन दिवस फुगून बसले होते.

आमच्या छंगतू शहरात चहा अर्धा टाकून उठायचं असलं की वाटीचं झाकण खुर्चीवर ठेवतात. म्हणजे मी येतोय. मग कितीही गर्दी होवो, त्या झाकणाला दुसरा कोणी हात लावत नाही. त्या दुपारी शन छापखान्यात मजकूर तपासायला गेले, झाकण ठेवून. जाताना म्हणाले, “लुओ, उत्तर तयार ठेव.”

तेवढ्यात दोन माणसं आली. अंगात साधे झगे, पण बूट सरकारी. सरळ माझ्या चुलीपाशी. “शन पोयू कुठाय?”

“ते मघाशीच गावी गेले,” मी मुद्दाम मोठ्यानं म्हणाले. चुलीपुढून मला हलता येत नव्हतं. मास्तरांनी ऐकलं. त्यांच्या हाताच्या अंतरावर ते झाकण होतं. उचलून टेबलावर ठेवलं असतं तर काम झालं होतं. त्यांनी हात पुढे केला. झाकणाच्या वर तो नुसता थांबला. मी डोळ्यांनी ओरडत होते, उचला, उचला! त्यांनी हात मागे घेतला.

दोघांतला एक आमच्याच शहरातला होता. त्यानं खुर्ची पाहिली आणि हसला. “वहिनी, हा गावी गेलेला माणूस परत येतोय.” दोघे मास्तरांच्या दोन्ही बाजूंना बसले आणि त्यांनी चहा मागवला.

शन आले ते बोलतच आले, बोटांना शाई. “हं, मग काय म्हणत होतास?” मास्तरांच्या दोन्ही बाजूंचे दोघे उठले. शन यांना नेलं ते नेलंच. बायकोनं सगळे तुरुंग पालथे घातले, पण पत्ता लागला नाही.

त्यानंतर मास्तर रोज यायचे. समोरच्या, शन यांच्या खुर्चीवर स्वतःच झाकण ठेवायचे आणि बसायचे. मी एकदा न राहवून विचारलं, “का नाही उचललंत?”

“दुसऱ्याचं झाकण उचलायचं नसतं, वहिनी.” एवढं बोलले आणि त्यांचं त्यांनाच रडू आलं.

मग जुनं सरकार पळालं आणि उत्तरेकडचं क्रांतीचं सैन्य शहरात आलं. खांबावरची पाटी निघाली. आता देशाच्या गोष्टी हव्या तेवढ्या बोला, म्हणाले. मास्तरांकडे बोलायला काही उरलं नव्हतं.

एके दिवशी गर्दीत एक शिपाई शिरला, लांबच्या मुलखातला, हसरा. बसायला जागा नव्हती. आमची रीत त्या बापड्याला काय ठाऊक! त्यानं खुर्चीवरचं झाकण उचललं, टेबलावर ठेवलं आणि बसला.

मास्तर त्या झाकणाकडे बघत राहिले.

“एवढंच होतं, वहिनी,” ते म्हणाले. उठले. त्यांच्या रिकाम्या खुर्चीवर त्यांनी काहीच ठेवलं नाही.