सेवंताने काहीही प्यायलं नव्हतं

“मान खाली घातली का पाठीतून करंट उतरते, साहेब. कापूस येचणंच होऊन नाही राह्यलं.”

दारव्हा तालुक्यातल्या एका तांड्यावरची सेवंता सांगत होती. पायही बधिर झाले होते. मी तिला ओळखलं.

वर्षभरापूर्वी तिला माझ्याच दवाखान्यात आणलं होतं. उलट्या, एकाचे दोन दिसणं, जाणारा तोल. कापसाच्या त्या वाईट वर्षांत अशा पेशंटला आम्ही एकच विचारायचो, कोणतं औषध प्यायलं? औषध म्हणजे फवारणीचं विष. ती म्हणाली, काहीच नाही. सगळे तसंच म्हणतात, असं मी धरून चाललो. त्या विषाने डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. तिच्या झाल्या नव्हत्या. मी ते पाहिलं आणि सोडून दिलं. नळी घालून पोट धुतलं. नवऱ्याला बाजूला घेऊन सांगितलं, हिच्यावर नजर ठेवा. हळूहळू ती बरी झाली. मला वाटलं, मी वाचवली.

आता हा दुसरा झटका होता, आणि दुसऱ्या जागी. तेव्हा मेंदूचा खालचा भाग, आता मज्जारज्जू. तिला नागपूरला पाठवलं. एमआरआयमध्ये पांढरे डाग निघाले, काही जुने, काही ताजे. पाठीतलं पाणी तपासलं, बाकीचे आजार एकेक करून गाळले. मल्टिपल स्क्लेरोसिस. शरीराची संरक्षणयंत्रणा स्वतःच्याच नसांचं आवरण खरवडते, वायरचं प्लास्टिक सोलावं तसं. हा आजार कुठल्या एका टेस्टने ठरत नाही. वेगळ्या वेळी, वेगळ्या जागी इजा झाल्याचं दाखवावं लागतं.

स्टेरॉइडनंतर ती काठी घेऊन चालू लागली. मी तिला आणि नवऱ्याला बोलावून सांगितलं, हिने तेव्हा काहीही प्यायलं नव्हतं.

“पोरीले मामाच्या घरी धाडलं आम्ही,” नवरा म्हणाला. “हिच्याजवळ ठेवाचं भेव वाटलं. तुम्हीच म्हणलं होतं ना साहेब, नजर ठेवा.”

सेवंता म्हणाली, “मले कायले सांगता? मले तं माहीतच हाये. पोरीले सांगा. तिले वाटते, माय आपल्याले टाकून मरून राह्यली होती.”

मी मामाच्या गावी गेलो. पोरीने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, “मंग तुमी तसं काहून सांगतलं?”

मी डोळ्यांच्या बाहुल्यांबद्दल काहीतरी बोललो. ती आत जाऊन मायकडे जायला पिशवी भरायला लागली.

या आजाराच्या निदानाला दोन झटके लागू शकतात. पेशंटचं ‘नाही’ ऐकायला एकही लागत नाही.