लव्हॉन स्कारचा लाल कागद

लव्हॉन स्कारच्या डाव्या हाताची करंगळी वाकडी आहे. नवऱ्याने ती दारात चिरडली होती. त्याच हिवाळ्यात ती घर सोडून निघाली आणि मिनेसोटाच्या उत्तर टोकाला, ट्रेलरमध्ये, म्हणजे चाकांवरच्या पत्र्याच्या घरांत, राहणाऱ्यांच्या घर गरम ठेवणाऱ्या गॅसच्या भट्ट्या दुरुस्त करू लागली. त्याला आता सत्तावीस वर्षं झाली.

थंडी पडली की तिथे घराखालचे नळ गोठू नयेत म्हणून लोक चहूबाजूंनी पेंढ्याचे गठ्ठे रचतात आणि वर पाणी मारून त्यांची बर्फाची भिंत करतात. पण भट्टी जळायला लागणारी हवा ओढते ती घराखालच्या पोकळीतूनच. म्हणून लव्हॉन दर वर्षी सांगत फिरते, "दोन फटी सोडा बायांनो, घराच्या नाकपुड्या आहेत त्या!"

जानेवारीतल्या एका दुपारी ती गेराल्ड कुख्ताच्या घराशी थांबली. फोन त्याच्या बायकोने, आर्लिसने केला होता. बोलता बोलता मध्येच तिचा आवाज विरला होता. घराभोवती बर्फाची भिंत सलग होती. फट एकही नव्हती.

दार गेराल्डने उघडलं. "तुला कोणी बोलावलं, म्हातारे?"

"तुझ्या बायकोने. आहे कुठे?"

"झोपलीय. चार दिवस डोकं दुखतंय म्हणून नाटकं चाललीत. दोन ठेवून दिल्या, तरी उठत नाही."

आत भट्टीचं लोखंडी झाकण काढून भिंतीला टेकवलं होतं. निळी असायची ती ज्योत पिवळी, लांब, लोंबकळत बाहेर जीभ काढत होती. हवा कोंडली म्हणून याने झाकण उघडं टाकलं होतं, आणि विषारी धूर घरात भरत होता. लव्हॉनने वाकून भट्टीची चावी बंद केली.

"हात काढ!" गेराल्डने ते झाकणच उचललं आणि तिच्या तोंडावर हाणलं. दात तुटला. रक्त तिच्या अंगरख्यावर ओघळलं. त्याने दुसरा वार उगारला, पण त्याचाही तोल जात होता. धूर त्यालाही चढला होता. लव्हॉनने कमरेचा मोठा पाना काढला आणि त्याच्या गुडघ्यावर घातला. हाड वाजलं. तो ओरडत कोसळला. पडल्या पडल्या त्याने तिचा घोटा धरला, तेव्हा तिने त्या हातावर बूट दाबला आणि सुटेपर्यंत दाबून ठेवला.

आतल्या खोलीत आर्लिस पलंगाशेजारी जमिनीवर पडली होती. गाल सुजलेला, ओठ फाटलेला, नखं निळसर. लव्हॉनने काखेत धरून तिला फरफटत ओढलं, उंबऱ्यावर तिचं डोकं आपटलं, पण थांबली नाही. बर्फात पोहोचल्यावर आर्लिसला उलटी झाली आणि तिने श्वास घेतला. लव्हॉन परत आत गेली, गेराल्डलाही कॉलर धरून पायऱ्यांवर आणून टाकलं.

"गोठून मरेन मी! भट्टी चालू कर!"

"फोन केलाय मी. रुग्णवाहिका येतेय, तीत ऊब असते." तिने भट्टीला येणाऱ्या गॅसच्या बाहेरच्या नळीला धोक्याचा लाल कागद बांधला. तो असेपर्यंत त्या घराला कोणी गॅस देत नाही.

"आर्लिस, फाड तो कागद! फटी तूच बुजवल्यास, सांग तिला!" गेराल्ड किंचाळला.

आर्लिसला लव्हॉनने आपल्या गाडीत घोंगडी पांघरून बसवलं होतं. लव्हॉनने तोंडातलं रक्त बाहेर थुंकलं आणि ती तिच्या शेजारी बसली. "कोणी गं बुजवल्या?"

"मी दोन सोडल्या होत्या. तू सांगितलं होतंस तशाच." तिचे दात वाजत होते. "गार वारा येतो म्हणून शनिवारी यानेच पाणी ओतून बंद केल्या. मी अडवलं, तर बादलीच फेकून मारली."

"पोलिसांसमोर म्हणशील हेच?"

आर्लिसने पायऱ्यांवरच्या माणसाकडे पाहिलं. तो अजून शिव्याच देत होता. तिने हात लांब करून गाडीचं दार आतून ओढून घेतलं.

"म्हणेन," ती म्हणाली. "पण आधी हा हीटर वाढव, लव्हॉन."