उभं राहून वाच!

पत्त्यांवरून भांडणारी माणसं एका टेबलाशी बसली की किस्से आपोआप साठतात, आणि आम्ही तर दर रविवारी दुपारी बसतो, शहापुरात, बबनच्या मोबाइल रिपेअरिंगच्या दुकानात. पत्ते म्हणजे रमी नव्हे. प्रत्येक कार्डावर एखादा प्राणी, झाड नाहीतर हत्यार, आणि खाली बारीक इंग्रजीत त्याची करामत. "हा गेम तुमच्याकडे पण खेळतात?" असं शहरातली मंडळी विचारतात. खेळतात! आणि तुमच्यापेक्षा नीट वाचून खेळतात.

*

वाचायची सवय बबनमुळे लागली. त्याच्या वाघाच्या कार्डावरून तो आणि मी दोन रविवार भांडलो. तिसऱ्या रविवारी कळलं, की ते कार्ड दोघांनीही शेवटपर्यंत वाचलेलंच नाही. लाज वाटली. तेव्हापासून आमचा नियम आहे: ज्याला हरकत घ्यायची त्यानं उभं राहायचं, अख्खं कार्ड मोठ्यानं वाचायचं आणि मग मराठीत सांगायचं. निम्मी भांडणं वाचता वाचताच मिटतात.

*

वनिता किन्हवलीहून येते. मेडिकलमध्ये कामाला आहे. पहिल्या दिवशी बबन तिला म्हणाला, इंग्लिश फार आहे, तू राहू दे, मी सांगेन तसं खेळ. पुढच्या रविवारी तिनं आपल्या चाळीस कार्डांच्या मराठी चिठ्ठ्या करून आणल्या, प्रत्येक कार्डाच्या प्लास्टिकच्या कव्हरात एक.

मग उभी राहिली आणि बबनचंच कार्ड वाचलं. गरुडानं वार करण्याआधी हातातलं एक कार्ड टाकावं लागतं, ही ओळ बबन दोन वर्षं गिळत होता! मी पोट धरून हसलो. दोन वर्षं त्या गरुडाचा मार मीच खात होतो, हे घरी गेल्यावर लक्षात आलं.

*

एकदा 'दर पाळीला एकदा' यावर घोडं अडलं. बबन म्हणे, फक्त आपल्या पाळीला. वनिता म्हणे, समोरच्याच्या पाळीलाही, कारण कुणाची पाळी ते कार्डावर लिहिलेलंच नाही. स्क्रीनगार्ड लावून घ्यायला आलेला वैशाखऱ्याचा एक टेम्पोवाला अर्धा तास ताटकळत होता. शेवटी तोच उठला, कार्ड मागून घेतलं आणि अक्षराला अक्षर लावून वाचलं.

"बाईंचं बरोबर हाय. आता माझा फोन द्या."

*

मग आली ठाण्याची स्पर्धा. जिंकेल त्याला पुण्याच्या मोठ्या स्पर्धेत जागा. आमच्यातलं कुणी तिथवर पोचलं नव्हतं, आणि वनिताला ती जागा हवीच होती. वर्षभर तिचं तेवढंच चाललं होतं.

सकाळीच पंचांनी सांगितलं, चिठ्ठ्या चालणार नाहीत. तिनं त्यांच्यासमोर चाळीसच्या चाळीस काढून ठेवल्या. कार्डं तिला पाठच होती. दुसऱ्या डावात पंचांनी तिच्याविरुद्ध निर्णय दिला. ती उभी राहिली, कार्ड वाचलं, भांडली. निर्णय अंतिम आहे म्हणाले, वर ताकीद मिळाली. तरी तो डाव जिंकली. मला इतका अभिमान वाटला, की शेजारच्या अनोळखी माणसाला मी माझा वडापाव देऊन टाकला.

*

फायनलला तिच्यासमोर डोंबिवलीचा एक इंजिनिअर होता. त्यानं कुऱ्हाडीचं कार्ड टाकून तिचं वडाचं झाड तोडलं. पंचांनी वडाच्या कार्डावर नुसती नजर फिरवली आणि सांगितलं, हे मरत नाही. झाड टिकलं तर पुढच्या पाळीला वनिता जिंकत होती. इंजिनिअर हार मानून हात मिळवायला उठलासुद्धा. बबननं माझा दंड इतका आवळला की कळ आली.

वनिता उभी राहिली.

"सर, पुरं वाचा. हल्ल्यात मरत नाय, असं लिवलंय. कुऱ्हाड म्हंजे हल्ला नाय. झाड मेलं."

पंच म्हणाले, अहो, निर्णय तुमच्याच बाजूचा आहे, तुम्ही जिंकताय, बसा. आणि तो अंतिम आहे.

"सकाळचा पण अंतिमच होता. तवा भांडले, आता पण भांडणार."

तिनं वडाचं कार्ड स्वतःच्या हातानं उचललं, मेलेल्या पत्त्यांवर ठेवलं आणि इंजिनिअरकडे बघितलं.

"बसा. तुमची पाळी हाय."