राणीच्या तोंडी गेलेलं वाक्य

माझा मेहुणा तीस वर्षं टीव्हीवर गुलाम होता. रंग काळा आणि पाठ रुंद, एवढ्या गुणांवर काम कायमचं. पहिल्या मालिकेत त्याने रोज चाबूक खाल्ला, पण बोलायला एक शब्द मिळाला नाही. "निदान एक वाक्य तरी द्या," असं तो दर मालिकेत मागायचा.

पुढे काळ सुधारला. 'काही दृश्यं आपल्याला विचलित करू शकतात' अशी पाटी आधी येऊ लागली. मला यातलं फारसं कळत नाही, पण चाबूक तोच होता. काळजी होती ती बघणाऱ्यांची.

यंदा त्याची ती पहिली मालिका नव्याने निघाली. तरुण दिग्दर्शकाने त्याला बसायला खुर्ची दिली, तेव्हाच मेहुण्याने ओळखलं की काम गेलं.

"काका, आम्ही हा विषय फार संवेदनशीलतेने हाताळतोय. गुलामांचा अपमान नको, म्हणून गुलामच काढून टाकलेत."

"मग साहेब, एवढा महाल झाडतं कोण?"

"वा, काका! हे मालिकेत येणारच!" दिग्दर्शकाने ते लगेच लिहून घेतलं.

मालिका सुरू झाली त्या सोमवारी मेहुणा इस्त्रीचा सदरा घालून आमच्याकडे टीव्हीसमोर बसला. गोऱ्यापान राणीने खिडकीबाहेर बघत, डोळ्यांत पाणी आणून विचारलं, "एवढा महाल झाडतं कोण?"

"दादा, किती मनातलं बोलली रे!" माझी बायको डोळे पुसत म्हणाली.

"मनातलं खरं," मेहुणा म्हणाला, "पण कुणाच्या, ते विचार."