भिंतीतल्या चौदा खाचा

ते जळकं घर आजही डोळ्यांपुढे उभं राहतं. मी तेव्हा खामगावात ठाणेदार होतो. बाजाराजवळच्या, विटांच्या भिंती आणि लाकडी तुळया असलेल्या एका जुन्या दुमजली घराला भरदुपारी आग लागली. मालकीणबाई एकट्या, खाली खानावळ चालवत. वरचा मजला दुरुस्तीसाठी ठेकेदाराच्या ताब्यात होता. सुदैवाने जीवितहानी झाली नाही. आम्ही पंचनामा केला आणि आकस्मिक जळीत म्हणून नोंद घेतली.

विमा कंपनीने मात्र दावा अडवला. बाईंनी गॅस चालू ठेवला, असा ठेकेदाराचा जबाब होता. बाई ठाण्यात आल्या.

"सायेब, गॅस बंद करूनच मी भाजी आणाले गेली होती. घर तं गेलंच, आता मलेच खोटी ठरवून राह्यले."

आठवड्याभराने एक वयस्क सुतार भेटायला आले. घर पुन्हा उभारायचं म्हणून बाईंनी त्यांना पाहणीला बोलावलं होतं.

"सायेब, वरच्या तुळया जळाल्याच नाहीत."

"कशावरून?"

"भिंतीत रुतलेलं टोक जळत नसते. काळं पडते, पण राह्यते. तिथं तं खाचा साफ हायेत. पहारीचे वण हायेत."

मी स्वतः शिडी लावून चढलो. एकेका भिंतीत चौदा खाचा, एकीतही लाकूड नाही. पंचांसमक्ष पुरवणी पंचनामा केला, फोटो घेतले आणि ठेकेदाराला बोलावलं. आवाज चढवला नाही. खोटं बोलणाऱ्याला बोलू द्यावं, तो आपोआप गुंततो.

"वर तुळया किती होत्या?"

"चौदा. साऱ्या जळाल्या, सायेब."

"मग भिंतीतली टोकं कुठं गेली?"

मी फोटो टेबलावर मांडले. त्याने ते एकेक करून पाहिले. मग पाणी मागितलं.

"सोनाळ्याले हायेत," तो हळूच म्हणाला.

जुनं सागवान विकण्यासाठी काढून त्याने तुळयांच्या जागी बल्ल्यांचे, म्हणजे साध्या लाकडी वाशांचे, टेकू दिले होते. चोरी झाकायला आगही त्यानेच लावली. सोनाळा गावातल्या एका गोठ्यात कडब्याखाली चौदाही तुळया सापडल्या. ट्रक ठाण्यात आला तेव्हा बाईंनी एकेका तुळईवरून हात फिरवला. "हाव सायेब, माह्याच घरच्या!" त्या दिवशी ठाण्यातला प्रत्येक शिपाई ताठ मानेने फिरत होता.

दावा मंजूर झाला. न्यायालयाच्या आदेशाने तुळया परत मिळाल्या आणि त्याच सुतारांनी त्या नव्या भिंतींत बसवल्या. खानावळ सुरू झाली त्या दिवशी पहिलं ताट बाईंनी त्यांनाच वाढलं. आम्ही दुसऱ्या पंगतीला बसलो.

पंचनाम्यात आपण जे दिसतं ते लिहितो. जे असायला हवं होतं आणि नाही, तेही लिहायचं असतं. तीस वर्षांच्या नोकरीत हे मला कोणत्याही वरिष्ठाने सांगितलं नाही, एका सुताराने शिकवलं.