डबल द्या, मास्तर

बबनरावांच्या मुलीचा, प्रज्ञाचा फोन आला तेव्हा मी बारामतीच्या स्टँडवर इंदापूरच्या गाडीतच बसलो होतो. "काका, कुठं आहात?" तिनं विचारलं. म्हटलं, "तुमच्याकडंच निघालोय. पप्पांना सांग, आज पाण्याखालचा रस्ता मारायचाच." पलीकडून ती म्हणाली, "काका, पप्पा गेले. सकाळी, झोपेतच." समोर कंडक्टर तिकिटासाठी उभा होता. मी इंदापूरचं तिकीट काढलं. जायचं तर होतंच.

बबनराव ड्रायव्हर आणि मी कंडक्टर. आमची उमेदीची सगळी वर्षं एकाच लाल गाडीत, बारामती-इंदापूर रस्त्यावर गेली. ते मला 'मास्तर' म्हणायचे, ड्रायव्हर लोक कंडक्टरला म्हणतात तसं. दोरी ओढून एकदा घंटा वाजवली की गाडी थांबणार, दोनदा वाजवली की निघणार. सिंगल म्हणजे थांबा, डबल म्हणजे चला. एवढ्या दोन शब्दांवर आमचा संसार चालला, आणि बायकोशी झाली नसतील तेवढी भांडणं या माणसाशी होऊनही तो मोडला नाही. डबल मिळाल्याशिवाय बबनराव गिअरला हात लावायचे नाहीत. मागून कोणी पॅसेंजर "हाणा की आता" म्हणून ओरडला तर आरशात बघून म्हणायचे, "मालक मागं उभा हाय. त्याला इचारा."

निवृत्तीनंतर ते इंदापुरात घर बांधून राहिले आणि कंटाळून गेले. हातात स्टिअरिंग नसलेला ड्रायव्हर घरात किती उच्छाद मांडतो, ते शकुंतलावहिनींना विचारावं. डबे लावताना "डावीकडं घ्या", पोळी लाटताना "हळू, वळण हाय". शेवटी प्रज्ञानं कपाटातून आपल्या कॉलेजच्या दिवसांतला हातातला व्हिडिओ गेम काढून त्यांच्या पुढ्यात टाकला. पुस्तकासारखा उघडायचा, दोन पडदे असलेला. त्यात टीव्हीवरच्या एका कार्टूनमधली जनावरं बुटक्या गाड्यांत बसून शर्यत लावतात. बेडूक, खार, शहामृग आणि एक लठ्ठ अस्वल. बबनरावांनी अस्वल घेतलं. "ह्याचं पोट बघा मास्तर, डेपोतल्या माणसावाणी हाय," म्हणाले.

मी पहिल्यांदा शेजारी बसून बघितलं तो दिवस आठवला की आजही हसू येतं. लाल दिवा, पिवळा दिवा, हिरवा दिवा. बाकीची जनावरं सुसाट सुटली. अस्वल मात्र रेषेवर उभं.

"अहो, निघा की!" मी ओरडलो.

"डबल कुठं दिली?"

चेष्टा नव्हती. अंगठा बटणावर होता, पण दाबला जात नव्हता. एकटे खेळताना रोज शेवटचा नंबर का येतो, हे घरात कोणालाच उमगलं नव्हतं. प्रज्ञाला वाटायचं, पप्पांना खेळ समजत नाही. खेळ चांगला समजत होता. फक्त घंटा मिळत नव्हती. मी समोरचा चहाचा स्टीलचा ग्लास उचलला आणि चमच्यानं टण टण वाजवला. अस्वल असं निघालं की वहिनी स्वयंपाकघरातून धावत आल्या.

तेव्हापासून दर गुरुवारी माझी बारामती-इंदापूर खेप पुन्हा सुरू झाली. पिवळा दिवा विझता विझता डबल दिली की गाडी झेप घेते, हे मी शिकलो. लोक म्हणतील म्हातारचळ. म्हणोत. दोघांनाही पुन्हा ड्युटी लागली होती आणि त्याचा मला गर्व आहे. बाकी खेळाडू एकमेकांच्या वाटेत भोपळे टाकतात, तेल सांडतात. बबनरावांनी मिळालेला एकही भोपळा टाकला नाही. "रस्त्यात घाण करणारा ड्रायव्हर नसतो, मास्तर." असं सचोटीनं खेळून आम्ही एकेक चषक मारत गेलो. राहिला तो शेवटचा चषक आणि त्यातला शेवटचा रस्ता.

तो रस्ता पाण्याखालून जातो. बुडालेलं गाव, घरांच्या भिंती, मधोमध एक देऊळ. बबनराव मूळचे पळसदेवचे. त्यांच्या वडिलांचं गाव उजनी धरणाच्या पाण्यात गेलेलं. पाणी उतरलं की जुनं देऊळ वर येतं आणि बघायला गर्दी होते, पण बबनरावांना देवळापेक्षा रस्त्याचं वेड. "बा ज्या वाटेनं बाजाराला जायचा ती वाट खाली हायच की. पाणी वर आलं म्हणून वाट कुठं जाती?" आणि खेळात ते देऊळ आलं की पहिल्या नंबरवर असलेला हा माणूस बटणावरचा अंगठा उचलायचा. बघत बसायचा. तेवढ्यात बेडूक पुढं! मी कपाळावर हात मारून घ्यायचो.

शेवटच्या गुरुवारी त्यांना धाप लागत होती. अस्वल रेषेवर उभं होतं, मी चमचा उचललेला. त्यांनी हळूच झाकण मिटलं. झाकण मिटलं की खेळ आहे तिथंच झोपतो. "आज नको, मास्तर. पुढल्या गुरुवारी. देवळापाशी आता थांबत न्हाय, शब्द देतो."

पुढचा गुरुवार म्हणजे तो फोन.

इंदापुरात पोचलो तेव्हा घरासमोर त्रिशरण-पंचशील म्हणून झालं होतं. बबनरावांना शववाहिनीत ठेवलं, मागचं दार लागलं. गाडी हलेना. ड्रायव्हर कोणाच्या तरी खुणेची वाट बघत होता आणि खूण करायला कोणाचा हात उठत नव्हता. मी मागंच उभा होतो. माझा हात आपोआप पत्र्यावर पडला. धप, धप. गाडी निघाली... तेव्हा कळलं, मी काय केलं ते. सगळा जन्म ज्याच्यासाठी घंटा वाजवली, त्याला शेवटची डबलसुद्धा मीच दिली. सिंगल द्यायला हवी होती, असं वाटून मी भर रस्त्यात रडलो. त्यानंतर हात असा धसकला की कोणाच्या दाराची कडीही मी एकदाच वाजवू लागलो.

जलदानविधीनंतर काही आठवड्यांनी धीर करून गेलो. वहिनींनी चहा ठेवला आणि गेम आणून समोर ठेवला. त्याचा छोटा दिवा अजून लागलेला. बंद पडला तर शर्यत जाईल म्हणून त्या रोज चार्जिंग करत होत्या.

"गाडी किती दिस थांब्यावर उभी करायची, भाऊजी?" त्या म्हणाल्या आणि स्वतःच झाकण उघडून बसल्या. "बटणं मला म्हायती हायत. रोज बघत हुते की. पर घंटा तुमाला द्याय लागंल."

लाल दिवा लागला. पिवळा लागला. माझा हात ग्लासाजवळ जाऊन थांबला. हिरवा लागला. सगळे सुटले. अस्वल उभं. वहिनी पडद्यावरून नजर न काढता म्हणाल्या, "त्यांना तुमी न्हाय धाडलं, भाऊजी. त्यांची येळ झाली हुती. तुमी रस्ता दावला. द्या आता."

मी डबल दिली.

वहिनी अशा सुटल्या की शहामृग, खार एकेक मागं. बेडकालाही गाठलं. आणि देऊळ आलं. वहिनींचा अंगठा उचलला गेला. गाडी मंदावली, भिंती दिसू लागल्या, दगडी पायऱ्या... डोळ्यांतलं पाणी न पुसता त्या बघत राहिल्या. मीही बघितलं. मग पुन्हा चमचा उचलला. टण टण.

दुसरा नंबर आला. वहिनी म्हणाल्या, "पुढल्या गुरुवारी या."

निघताना त्या ग्लास विसळायला नेऊ लागल्या. म्हटलं, "राहू द्या तिथंच. ड्युटी संपली नाही अजून."