माप ताईचं, हिशेब दोघांचा

माझी थोरली बहीण शिवणकामाच्या कारखान्यात कटर आहे. कापड बेतायचं नि कापायचं काम. तिची कात्री चुकलेली मी तरी पाहिली नाही. माझी मात्र जीभ कात्रीसारखी चालते, असं घरचे म्हणतात. म्हणोत.

सात वर्षांपूर्वी ताई आणि तिचा नवरा वेगळे झाले, तेव्हापासून मी त्याला भावोजी म्हणणं सोडलंय. मुलगी चार वर्षांची होती. कोर्टाने तिचा महिन्याचा खर्च काढला, दोघांचे पगार बघितले आणि दोन वाटे त्याचे, एक ताईचा असं ठरवलं. ती रक्कम तेव्हापासून जागची हलली नाही. मुलगी मात्र अशी वाढली की आम्ही तिला शेंग म्हणायला लागलो. शाळा लांबची, चष्मा लागला, बूट सहा महिन्यांत तोकडे. पैसे पुरेनात, तेव्हा ताईने रात्रपाळी घ्यायचं मनात आणलं. म्हणजे शेंगेला आई दिसणार ती झोपलेली. मला ते बघवणार नव्हतं. मीच तिला हाताला धरून वकीलबाईंकडे नेलं आणि रक्कम वाढवून मागणारा अर्ज करायला लावला.

सुनावणीला त्याचा वकील म्हणाला, तेव्हा भागत होतं, आता का भागू नये? ताईने पिशवीतून मापांची वही काढली. कारखान्यातल्या कामाच्या पानांमध्ये एक पान शेंगेचं होतं, दर वाढदिवसाला घेतलेल्या मापांचं. उंची चाळीस इंचांपासून छप्पन्नपर्यंत, तारखांसकट.

"साहेब, ही रक्कम चाळीस इंचांच्या मुलीला बेतलेली आहे," ताई म्हणाली. "ती आता अंगाला येत नाही."

न्यायाधीशांनी ते पान दोनदा वाचलं. मी मनातल्या मनात उड्या मारत होते.

आणि मग आमच्या ताईने काय करावं? पाकिटातून पगाराची चिठ्ठी काढून पुढे केली. मागच्याच महिन्यात पगार वाढलाय, तोही धरा म्हणाली. वकीलबाईंनी डोळे मिटले. पगार वाढला की आपला वाटा वाढणार, हे ताईलाही ठाऊक होतं. आपल्या पायावर धोंडा पाडून घेते आहे ही बाई, असं वाटून मी दातओठ खात बसले.

न्यायाधीशांनी चिठ्ठी बाजूला ठेवली आणि शेंगेच्या बापाकडे बघितलं. "यांनी मागच्या महिन्याची आणली. तुम्ही जोडलेली सात वर्षांपूर्वीची आहे. ताजी आणा."

पुढच्या तारखेला त्याला आणावी लागली. पगार दुपटीहून जास्त झाला होता. नव्या हिशेबात ताईची वाढ धरूनसुद्धा त्याच्याकडे दोन वाटे आणि वर थोडे आले, तेही अकरा वर्षांच्या मुलीच्या खर्चाचे. शिवाय दर दोन वर्षांनी दोघांनी आपापल्या पगाराच्या चिठ्ठ्या एकमेकांना दाखवायच्या, असंही ठरलं. रात्रपाळीचा विषय तिथेच संपला.

बाहेर आल्यावर मी ताईला चांगलंच फैलावर घेतलं. त्याचा पगार वाढलेला नसता तर? मुकाट बसली असतीस तर कुणाला कळणार होतं?

"शेंग उद्या मोठी होईल," ताई म्हणाली. "हे कागद मागून घेईल आणि वाचेल. त्यात तिची आई खोटं बोललेली नको."

माझ्यासारखी तोंडाळ बाई, आणि कोर्टाच्या दारात उभी राहून अभिमानाने नुसती रडायला लागले.